स्ट्रीमिंगचं जाळं: स्वतः उभारावं की भाड्याने घ्यावं?

ध्वनिलहरी

आमची एक स्ट्रीमिंग सेवा आहे. व्याख्यानं, मुलाखती, मैफली, नाटकं असा सुमारे १२,००० तासांचा साठा आहे आणि महिन्यातून दोनेक मोठे कार्यक्रम आम्ही थेट दाखवतो. एरवी संध्याकाळी एका वेळी १,५०० च्या आसपास लोक बघत असतात. थेट कार्यक्रमाला तोच आकडा ३०,००० पर्यंत जातो. बिटरेट, म्हणजे एका प्रेक्षकाकडे सेकंदाला जाणारा डेटा, सरासरी ४ एमबीपीएस.

आत्ता सगळं बाहेरून घेतलेलं आहे. फाइली क्लाउडवर, वितरण एका सीडीएनकडे (ठिकठिकाणच्या सर्व्हरांवरून व्हिडिओ पोहोचवणारी भाड्याची सेवा). बिल वाढत चाललंय आणि ते नेमकं कशामुळे वाढतंय हे त्या बिलावरून उलगडत नाही. आमच्यातल्या दोघांचं म्हणणं, आता स्वतःचे सर्व्हर घ्यावेत, डेटा सेंटरमध्ये जागा घ्यावी, स्वतःचा एएसएन (इंटरनेटवर वेगळं जाळं म्हणून ओळख देणारा क्रमांक) घ्यावा. बाकीच्यांना वाटतं की हे आपलं कामच नव्हे, आपलं काम कार्यक्रम करण्याचं.

मला दोन्ही बाजू ऐकायच्या आहेत. फक्त 'परिस्थितीवर अवलंबून आहे' एवढ्यावर थांबू नका ही विनंती. कुठल्या परिस्थितीत काय आणि का, ते लिहा.

आडवाटसरू

स्वतःचं उभारा. मी याच बाजूचा आहे, म्हणून आधी माझं मांडतो.

नेटफ्लिक्सचं उदाहरण सगळे देतात, पण त्यातला क्रम पाहण्यासारखा आहे. आधी ते अकामाई, लाइमलाइट आणि लेव्हल ३ अशा तिघांकडून वितरण घेत होते. २०१२ साली त्यांनी 'ओपन कनेक्ट' जाहीर केलं आणि टप्प्याटप्प्याने व्हिडिओ स्वतःच्या यंत्रांवर आणला. ती यंत्रं जगावेगळी नाहीत. फ्रीबीएसडी ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम, एनजिनएक्स हा खुला वेब सर्व्हर, भरपूर डिस्क आणि चांगली नेटवर्क कार्डं. २०२१ मध्ये त्यांच्या अभियंत्यांनी एकाच सर्व्हरमधून ४०० जीबीपीएस व्हिडिओ बाहेर पाठवून दाखवला, तोही टीएलएसने कूटबद्ध केलेला. त्यासाठी फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्ये केलेलं बरंचसं काम त्यांनी मूळ प्रकल्पाला देऊन टाकलंय, म्हणजे ते तुम्हालाही उपलब्ध आहे.

तुमचे १,५०० प्रेक्षक गुणिले ४ एमबीपीएस म्हणजे ६ जीबीपीएस. आजच्या साध्या सर्व्हरला हे काहीच नाही.

दुसरं उदाहरण ड्रॉपबॉक्सचं. ते स्ट्रीमिंगवाले नाहीत, पण प्रश्न हाच होता. त्यांनी आपला बहुतांश साठा ॲमेझॉनच्या क्लाउडवरून स्वतःच्या यंत्रणेवर हलवला आणि २०१८ मध्ये शेअर बाजारात येताना दिलेल्या कागदपत्रांनुसार दोन वर्षांत त्यांचा सुमारे ७.५ कोटी डॉलर खर्च वाचला.

आणि खर्चापलीकडेही एक गोष्ट आहे. प्रेक्षकाच्या पडद्यावर व्हिडिओ अडकतो तेव्हा का अडकला हे तुम्हाला स्वतःला शोधता आलं पाहिजे. दुसऱ्याच्या जाळ्यात तुम्ही तक्रार नोंदवता आणि उत्तराची वाट बघता. ज्याचा सगळा व्यवसाय व्हिडिओ पोहोचवण्यावर उभा आहे त्याने पोहोचवण्याचं ज्ञान कायमचं बाहेर ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं.

रात्रपाळी

मी इंटरनेट पुरवठादाराच्या बाजूने काम करतो. ओपन कनेक्टची यंत्रं ज्यांच्या रॅकमध्ये येऊन बसतात त्यांच्यापैकी एक. आडवाटसरू यांनी लिहिलेलं सगळं खरं आहे, पण त्यात अर्धीच बाजू आलीय.

सर्व्हर बनवणं हा त्यातला सोपा भाग. पुरवठादार ते यंत्र स्वतःच्या जागेत, स्वतःची वीज खर्चून का ठेवतो? कारण त्याच्या जाळ्यात संध्याकाळी येणाऱ्या वाहतुकीत नेटफ्लिक्सचा वाटा इतका मोठा असतो की ते यंत्र आत असलं की बाहेरून विकत घ्यावी लागणारी बँडविड्थ वाचते. यंत्र रात्री, गर्दी नसताना भरून घेतलं जातं. उद्या लोक काय बघणार याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो, म्हणून ते आदल्या रात्रीच तिथे नेऊन ठेवता येतं. गूगलची ग्लोबल कॅशेही (कॅशे म्हणजे फाइलींच्या प्रतींचा जवळचा साठा) याच तत्त्वावर पुरवठादारांच्या आत बसते. दोन्हींकडे अट एकच: त्या पुरवठादाराकडे पुरेशी वाहतूक हवी.

आता तुमचे ६ जीबीपीएस घ्या. ते शंभरेक पुरवठादारांत विखुरलेले असणार. त्यातल्या सगळ्यात मोठ्याकडे जेमतेम १ जीबीपीएस. एवढ्यासाठी कुणी तुमचं यंत्र आत घेणार नाही, मी तरी घेणार नाही. म्हणजे तुमच्यासाठी 'स्वतःचं जाळं' याचा अर्थ होतो: एक-दोन डेटा सेंटर, तिथे विकत घेतलेलं ट्रान्झिट (बाकीच्या इंटरनेटपर्यंत नेणारी जोडणी) आणि जमलं तर इंटरनेट एक्स्चेंजचं, म्हणजे अनेक जाळी एकमेकांना जोडतात त्या जागेचं, एक पोर्ट. एक्स्चेंजवर रूट सर्व्हरला (एकाच जोडणीतून अनेक जाळ्यांचे मार्ग देणारा सर्व्हर) जोडून घेतलं की छोटे-मध्यम पुरवठादार आपोआप मिळतात. मोठे बहुधा रूट सर्व्हरवर नसतात. ते थेट जोडणीसाठी किमान वाहतुकीची अट घालतात, किंवा पैसे मागतात.

यातून नेटफ्लिक्सही सुटलं नव्हतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांना कॉमकास्टशी थेट जोडणीसाठी पैसे देण्याचा करार करावा लागला. ट्विच तर २७ फेब्रुवारी २०२४ ला दक्षिण कोरियातून बाहेर पडलं. तिथलं नेटवर्क शुल्क इतर बहुतेक देशांच्या दहापट आहे, असं कारण त्यांनी दिलं होतं. मागे ॲमेझॉन उभं असताना ही गत.

म्हणून स्वतःचं उभारलं तरी शेवटच्या टप्प्यात तुम्ही कुणाकडून तरी विकतच घेत असता. फक्त काय विकत घ्यायचं ते बदलतं.

मात्र सीडीएन विकणारे एक गोष्ट फार ताणून सांगतात, तीही लिहायला हवी. 'आमची हजारो ठिकाणं आहेत, आम्ही प्रेक्षकाच्या जवळ आहोत.' साठवलेल्या व्हिडिओला इतकी जवळीक लागत नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १०० किलोमीटरचा जाण्यायेण्याचा वेळ १ मिलिसेकंद. प्लेयरकडे वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ आधीच जमा असतो. सर्व्हर १,००० किलोमीटर दूर असला म्हणून काही अडत नाही. अडतं ते दोन जाळी जिथे जोडली जातात तिथलं पोर्ट संध्याकाळी तुडुंब भरतं म्हणून. किलोमीटर मोजत बसू नका. तुमच्या प्रेक्षकांच्या पुरवठादाराशी जोडणी कशी आहे आणि रात्री नऊला ती किती भरलेली असते, हे विचारा.

जुनी_फीत

वाचतोय. आमचं फक्त ऑडिओ आहे म्हणून एक छोटी नोंद. १२८ केबीपीएसवर १,००० श्रोते म्हणजे १२८ एमबीपीएस. एक भाड्याचा सर्व्हर आणि आइसकास्ट हे ऑडिओ प्रसारणाचं खुलं सॉफ्टवेअर, दुसरा तसाच राखीव. एवढ्यासाठी एएसएन नको आणि सीडीएनही नको. ऑडिओवाल्यांनी हा धागा वाचून घाबरून जाऊ नये.

हिशेबनीस

धागाकर्तीने आकडे दिलेत ते बरं केलं. नुसत्या मतांवर हा प्रश्न सुटत नाही, आणि या आकड्यांत उत्तर बरंचसं दडलेलं आहे. मी मांडते, चुकलं तर दुरुस्त करा.

तुमच्या सेवेत दोन वेगळे व्यवसाय एकत्र राहतायत.

पहिला, साठ्यातला व्हिडिओ. संध्याकाळी ६ जीबीपीएस, दिवसरात्रीची सरासरी धरू २.५ जीबीपीएस. महिन्याला ही वाहतूक होते सुमारे ८१० टीबी.

दुसरा, थेट कार्यक्रम. ३०,००० गुणिले ४ म्हणजे १२० जीबीपीएस. दोन तासांचा कार्यक्रम, पूर्ण वेळ पूर्ण गर्दी धरली तरी १०८ टीबी. महिन्यात दोन म्हणजे २१६ टीबी.

म्हणजे बघा, सर्वोच्च भार थेट कार्यक्रमाचा, रोजच्या वीसपट. पण एकूण वाहतुकीत जवळजवळ चार पंचमांश वाटा रोजच्या साठ्याचा! सीडीएनचं बिल साधारणपणे जीबीवर येतं. तुम्ही बहुतेक पैसे त्या शांत, ठरावीक, अंदाज बांधता येणाऱ्या वाहतुकीसाठी देताय, जिला सीडीएनच्या अवाढव्य क्षमतेची गरजच नाही. आणि ज्या चार तासांसाठी ती क्षमता खरोखर लागते, त्यांचा बिलातला वाटा लहान आहे.

माझं म्हणणं एका ओळीत: शिखर भाड्याने घ्या, पठार स्वतःचं ठेवा.

आता साठा किती मोठा आहे तेही पाहू. सगळ्या दर्जांच्या प्रती मिळून १० एमबीपीएस धरले तर तासाला ४.५ जीबी. १२,००० तासांचे ५४ टीबी. हे एका सर्व्हरच्या डिस्कांत मावतं. पूर्ण साठा, निवडक नव्हे. सीडीएनवर मात्र तुमच्यासारख्या सेवेची पंचाईत होते. त्यांच्या कॅशेमधून कमी बघितल्या जाणाऱ्या फाइली लवकर बाहेर पडतात. जुनं व्याख्यान आठवड्यातून तिघांनी तीन ठिकाणांहून बघितलं, तर तिन्ही वेळा ते मूळ जागेवरून, म्हणजे तुमच्या क्लाउडवरून आणलं जातं. क्लाउड बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जीबीचे वेगळे पैसे लावतो. तेच व्याख्यान दोन बिलांत येतं. बिल का उलगडत नाही याचं एक कारण बहुतेक हेच आहे. सीडीएनच्या अहवालात कॅशे हिट रेशो, म्हणजे किती भाग कॅशेमधूनच दिला गेला ते प्रमाण, बघा, तोही विनंत्यांच्या संख्येवरचा न बघता बाइट्सवरचा बघा. दोन्हींत मोठा फरक निघू शकतो.

खिडकीजवळ

हिशेब पटला. पण स्वतः ट्रान्झिट घेतलं तर ते जीबीवर नसतं ना? ९५ पर्सेंटाइल म्हणतात ते काय?

हिशेबनीस

बरोबर, ट्रान्झिट बहुतेकदा तसंच विकलं जातं. दर पाच मिनिटांना पोर्टवरची वाहतूक मोजतात. ३० दिवसांत असे ८,६४० नमुने होतात. ते उतरत्या क्रमाने लावून वरचे ५ टक्के, म्हणजे ४३२, सोडून देतात. त्यापुढचा जो आकडा येईल त्यावर बिल. ४३२ नमुने म्हणजे ३६ तास. महिन्यातल्या सगळ्यात गर्दीच्या ३६ तासांना तुम्ही पैसे देत नाही.

आता कुणाला वाटेल की थेट कार्यक्रमाचे चार तास यात फुकट बसतील. कागदावर बसतात. पण १२० जीबीपीएस जायला तेवढी पोर्टं, तेवढे राउटर, तेवढे सर्व्हर महिनाभर उभे असावे लागतात, आणि मोठं पोर्ट देताना पुरवठादार किमान वापराची हमी मागतोच. शिवाय पुढे प्रेक्षकाच्या पुरवठादाराकडे जाणारी वाट तितकी रुंद असेलच असं नाही. त्या वाटेने जाऊ नका.

पडद्यामागे

थेट प्रक्षेपणाच्या बाजूने लिहितो. माझं रोजचं काम तेच.

साठ्यातला व्हिडिओ आणि थेट व्हिडिओ, तंत्र सारखं दिसत असलं तरी दोन्हींच्या बिघडण्याच्या पद्धती फार वेगळ्या आहेत. साठ्यात १,५०० लोक १,५०० वेगवेगळ्या ठिकाणी असतात. थेटमध्ये ३०,००० जण त्याच काही सेकंदांत एकच फाइल मागतात, जी नुकतीच जन्माला आलेली असते. सेगमेंट (व्हिडिओचा छोटा तुकडा) सहा सेकंदांचा असेल तर सेकंदाला सुमारे ५,००० विनंत्या सेगमेंटसाठी आणि तेवढ्याच प्लेलिस्टसाठी, म्हणजे तुकड्यांच्या यादीसाठी. कॅशेमध्ये ती फाइल अजून नाही असं दिसलं आणि कॅशेने त्या सगळ्या विनंत्या मागे ओरिजिनकडे, म्हणजे मूळ सर्व्हरकडे, सोडल्या, तर ओरिजिन त्याच क्षणी बसतो. म्हणून पहिली विनंती मागे जाऊ द्यायची आणि बाकीच्या थांबवून ठेवायच्या, अशी सोय लागते. एनजिनएक्समध्ये ती आहे, पण मुद्दाम चालू करावी लागते. सीडीएनमध्ये याच कामासाठी ओरिजिनपुढे आणखी एक कॅशेचा थर लावतात, त्याचे पैसे वेगळे असले तरी थेटसाठी तो घ्याच.

आणखी एक बारीक गोष्ट: प्लेयरने सेगमेंट क्षणभर आधी मागितला आणि '४०४' (फाइल सापडली नाही) असं उत्तर मिळालं, तर कॅशेने ते '४०४' किती वेळ धरून ठेवायचं? दहा सेकंद धरलं तर त्या कॅशेवरचे सगळे प्रेक्षक अडकतात. एक सेकंद ठेवा. प्लेलिस्टचंही तसंच, एक-दोन सेकंद. सेगमेंट मात्र बदलत नाही, तो खुशाल तासभर ठेवा.

मोठ्या प्रक्षेपणांचा अनुभव हेच सांगतो. १९ नोव्हेंबर २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. एवढ्या गर्दीत व्हिडिओच्या बरोबरीने लॉगिन आणि मुखपृष्ठ हाही भार असतो. व्हिडिओ जरा अडखळला की लोक मागे जातात, मुखपृष्ठावर येऊन पुन्हा आत शिरतात, आणि ते सगळे एकाच मिनिटात. वितरण कुणाकडूनही घ्या, ही बाजू तुमचीच राहते. आउटसोर्स केलं म्हणजे थेट कार्यक्रम सुरक्षित झाला, असं धरून चालू नका.

उलट बाजूही सांगतो. नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२४ मध्ये टायसन आणि पॉल यांची मुष्टियुद्धाची लढत थेट दाखवली. एका वेळी ६.५ कोटी स्ट्रीम. जगातलं सगळ्यात मुरलेलं खासगी वितरणजाळं हाताशी असूनही असंख्य प्रेक्षकांना बफरिंगचा त्रास झाला. आदल्या रात्री भरून ठेवण्याची त्यांची सगळ्यात मोठी ताकद थेट प्रक्षेपणात उपयोगी पडत नाही. वर रात्रपाळी यांनी जे लिहिलंय त्याचीच ही दुसरी बाजू.

थेटसाठी स्वतःचं वितरण उभारू नका, असं मी स्पष्ट सांगेन. एन्कोडर (कॅमेऱ्याचं चित्र पाठवण्याजोग्या व्हिडिओत बदलणारं यंत्र), त्याची जोडी, दोन वेगळ्या पुरवठादारांच्या लाइनी आणि ओरिजिन, एवढं मात्र स्वतःच्या नजरेखाली ठेवा.

आडवाटसरू

थेटसाठी भाड्याने, हे मान्य. हिशेबनीस यांची मांडणी मला पटली.

पण साठ्याचं स्वतः करायचं तर नीट करा, असं माझं अजूनही म्हणणं आहे. पहिल्या दिवसापासून स्वतःचा एएसएन, स्वतःचे आयपी पत्ते. नाहीतर डेटा सेंटर बदलताना सगळे पत्ते बदलावे लागतात.

रात्रपाळी

इथे मी असहमत. व्हिडिओ सर्व्हर तुमच्याच डोमेनच्या नावामागे असणार. पत्ता बदलला तर डीएनएसमधली (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) एक नोंद बदलायची, टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरांनी धरून ठेवण्याचा काळ, आधीच कमी करून ठेवायचा. मेल सर्व्हर किंवा बँकेची जोडणी असती तर गोष्ट वेगळी होती.

एएसएन आणि पत्ते घेतले की मागून काय काय येतं ते पाहा. इंटरनेटवर जाहीर करायला आयपीव्ही४ चा किमान /२४ चा, म्हणजे २५६ पत्त्यांचा, गट लागतो, आणि तो आता सरळ वाटपातून मिळणं कठीण, बाजारातून विकत किंवा भाड्याने घ्यावा लागतो. बीजीपी (जाळी एकमेकांना मार्ग कळवतात ती पद्धत) समजणारे राउटर, त्यांची जोडी. आरपीकेआयच्या, म्हणजे ते पत्ते जाहीर करण्याचा हक्क तुमचाच हे सिद्ध करणाऱ्या, नोंदी. दोन ट्रान्झिट. आणि हे सगळं कळणारा माणूस, जो रजेवर गेला तर दुसरा.

माणसांवर थांबतो, कारण खर्चाच्या तक्त्यात नेहमी हेच राहून जातं. आठवड्याचे १६८ तास. एक माणूस आठवड्याला ४० तास काम करतो असं धरलं तर एक खुर्ची सतत भरलेली ठेवायला चाराहून जास्त माणसं लागतात, रजा आणि आजारपण सोडून. तुमच्याकडे ती नाहीत. मग रचना अशी हवी की रात्री तीन वाजता सर्व्हर पडला तर कुणालाही उठावं लागू नये. प्लेयरला दोन पत्ते द्या: एक तुमच्या सर्व्हरचा, दुसरा सीडीएनचा. पहिल्याकडून उत्तर नाही आलं तर प्लेयरने स्वतःच दुसऱ्याकडे जावं. एचएलएस आणि डॅश या व्हिडिओ पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींत असे पर्यायी पत्ते देता येतात. मग सकाळी चहा झाल्यावर सर्व्हर बघितला तरी चालतो.

आणि हल्ले. डीडॉसमध्ये (असंख्य यंत्रांवरून एकदम खोटी वाहतूक पाठवण्याचा हल्ला) १०० जीबीपीएस कचरा तुमच्या २५ जीबीपीएसच्या पोर्टवर आला तर तुमचा सर्व्हर कितीही चांगला असो, वाटच बंद होते. त्या वेळी ट्रान्झिटवाला काय करेल? फक्त तुमचा पत्ता काळ्या विवरात टाकून, म्हणजे त्यावरची चांगली-वाईट सगळी वाहतूक फेकून देऊन, मोकळा होईल, की गाळून चांगली वाहतूक पुढे देईल? करारात हे लिहून घ्या. सीडीएन हा पर्यायी पत्ता हाताशी असला की निदान कार्यक्रम चालू राहतो.

दीपमाळ

मी दोन्ही बाजूंपेक्षा जरा वेगळं सांगते. भाड्याने घ्या की उभारा, ज्याच्यावर विसंबलात तो आधार एक दिवस जाणार हे धरूनच रचना करा.

८ जून २०२१ ला फास्टलीमध्ये एका ग्राहकाने कॉन्फिगरेशनमध्ये अगदी वैध बदल केला, त्याने सॉफ्टवेअरमधला लपलेला दोष जागा झाला आणि त्यांच्या जाळ्याचा ८५ टक्के भाग चुकीची उत्तरं देऊ लागला. त्यांनी एका मिनिटात ओळखलं, ४९ मिनिटांत ९५ टक्के जाळं पूर्ववत केलं. हे कौतुकास्पदच आहे. पण थेट कार्यक्रमात ४९ मिनिटं म्हणजे कार्यक्रमच गेला.

स्वतःचं असण्याचाही धोका पाहा. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं. देखभालीतल्या एका आदेशाने त्यांची डेटा सेंटरं एकमेकांपासून तुटली, डीएनएस सर्व्हरांचे मार्ग जगातून मागे घेतले गेले. आणि दुरुस्तीची आतली साधनंही त्याच जाळ्यावर असल्याने त्यांनाही हात लावता येईना. ज्याच्यावर देखरेख करायची त्याच्यावरच देखरेखीची साधनं ठेवू नयेत.

पण मला सगळ्यात जास्त काळजी तिसऱ्या प्रकाराची वाटते. वर आडवाटसरू यांनी लाइमलाइटचं नाव घेतलंय. ती २००१ पासूनची कंपनी. २०२२ मध्ये तिने एजकास्ट घेतली आणि एजिओ असं नाव लावलं. सप्टेंबर २०२४ मध्ये एजिओने दिवाळखोरी अर्ज केला, काही ग्राहक-करार अकामाईने घेतले, आणि जानेवारी २०२५ च्या मध्यावर ते जाळं बंद झालं. पुरवठादार पडद्यावरून असा काही महिन्यांत नाहीसा होऊ शकतो. ज्यांच्या व्हिडिओचे पत्तेच त्या कंपनीच्या डोमेनवर होते, ज्यांनी टोकन (प्रेक्षकाला व्हिडिओ बघण्याची परवानगी आहे हे दाखवणारी खूण) तपासणं, पानं वळवणं, फाइलींचं रूपांतर असं सगळं तिच्याच खास भाषेत लिहून ठेवलं होतं, त्यांना ते सगळं घाईघाईने दुसरीकडे लिहावं लागलं असणार.

म्हणून ध्वनिलहरी, सर्व्हर कुणाचे हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवेन. आधी हे तुमच्या ताब्यात आहे का ते बघा: व्हिडिओच्या पत्त्यातलं डोमेन तुमचं आहे का? मूळ फाइली आणि त्यांच्या सगळ्या दर्जांच्या प्रती अशा जागी आहेत का, जिथून त्या कुणालाही देता येतील? टोकनची किल्ली आणि पद्धत तुमची आहे का? आणि प्लेयर तुम्हाला सांगतो का की कुठल्या पुरवठादाराच्या प्रेक्षकाला व्हिडिओ सुरू व्हायला किती वेळ लागला, किती वेळा अडकला? प्लेयरने ही माहिती पाठवण्यासाठी सीएमसीडी नावाचं एक खुलं मानक २०२० पासून आहे, बरेच प्लेयर ते समजतात. या चारही गोष्टींना फार पैसे लागत नाहीत. या असतील तर सीडीएन बदलणं काही दिवसांचं काम, नसतील तर काही महिन्यांचं. बीबीसीसारखी संस्था स्वतःचं वितरणजाळं आणि व्यावसायिक सीडीएन दोन्ही शेजारी-शेजारी चालवते, ते अशाच तयारीमुळे शक्य होतं.

खिडकीजवळ

एन्कोडिंगबद्दल कुणीच लिहिलं नाही? वाहतूकच कमी केली तर दोन्ही बाजूंचा खर्च उतरतो. नेटफ्लिक्स २०१५ पासून प्रत्येक शीर्षकासाठी वेगळा बिटरेट ठरवतं. व्याख्यानात एक माणूस आणि फळा, त्याला ४ एमबीपीएस कशाला?

हिशेबनीस

अगदी महत्त्वाचं, धन्यवाद. स्थिर चित्राच्या व्याख्यानाला ४ च्या जागी २ एमबीपीएस पुरले तर साठ्याच्या तेवढ्या भागाची वाहतूक निम्मी होते, आणि त्यासाठी कुणाशी करार करावा लागत नाही. हे सर्व्हर घेण्याच्याही आधी करा. फक्त मैफली आणि नाटकांना तोच नियम लावू नका. रंगमंचावरचा अंधार कमी बिटरेटला लगेच फाटतो.

ध्वनिलहरी

इतक्या मनापासून लिहिलंत, सगळ्यांचे आभार. आज आमच्यात बसून बोललो. दीपमाळ यांच्या चारपैकी दोन गोष्टी आमच्याकडे नाहीत: पत्ते सीडीएनच्या डोमेनवर आहेत आणि टोकन त्यांच्या पद्धतीचं आहे. बाइट्सवरचा कॅशे हिट रेशो बघितला, साठ्यासाठी तो विनंत्यांवरच्यापेक्षा बराच खाली आहे.

ठरवलंय ते असं. आधी डोमेन आणि टोकन आपल्याकडे आणायचं. त्याचबरोबर व्याख्यानांचं पुन्हा एन्कोडिंग. मग दोन वेगळ्या डेटा सेंटरांत एकेक सर्व्हर, दोन्हींवर पूर्ण साठा, ट्रान्झिट आणि पत्ते डेटा सेंटरचेच, एएसएन आत्ता नाही. मूळ फाइलींची एक प्रत क्लाउडवर तशीच राहील. थेट कार्यक्रम सीडीएनवर.

दोन शंका. साठा काढून घेतला तर सीडीएनवाले थेटचा दर वाढवतील का? आणि नव्या सर्व्हरांवर प्रेक्षक कसे वळवायचे, एकदम की हळूहळू?

हिशेबनीस

वाढवतील, कारण तुमची हमीची वाहतूक कमी होते. म्हणून साठा पूर्ण काढू नका, दहा-पंधरा टक्के तिथे चालू ठेवा. त्यामुळे पर्यायी वाटेवरची कॅशेही गरम, म्हणजे फाइलींनी भरलेली, राहते. सर्व्हर पडल्यावर सगळे एकदम थंड कॅशेवर गेले तर क्लाउडच्या ओरिजिनवर फार मोठा भार येईल.

करारात बघायचं: हमी महिन्याची आहे की वर्षाची (तुमचे कार्यक्रम कमीजास्त होतात, वर्षाची घ्या), हमीपेक्षा जास्त वापराचा दर मूळ दराइतकाच आहे का, १२० जीबीपीएसची क्षमता राखीव आहे की 'उपलब्ध असल्यास' आहे, कच्चे लॉग मिळतात का, आणि करार संपल्यावर किती दिवस सेवा चालू राहते. राखीव क्षमतेसाठी ते कार्यक्रमाची आगाऊ सूचना मागतील, ती देण्याची जबाबदारी कुणा एकावर सोपवा.

पडद्यामागे

हळूहळू. प्रेक्षक निवडताना यादृच्छिक ५ टक्के घेऊ नका, एकेका पुरवठादाराचे घ्या. म्हणजे नऊ ते अकरा या गर्दीच्या वेळात एखाद्या पुरवठादाराकडे जाणारी वाट अरुंद आहे का, हे वेगळं दिसेल. सरासरीत ते झाकलं जातं. एका पुरवठादाराकडे अडकण्याचं प्रमाण सीडीएनपेक्षा जास्त दिसलं तर त्याचे प्रेक्षक सरळ सीडीएनवरच राहू द्या, बाकीचे वळवा.

आणि थेट कार्यक्रमाच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत या सर्व्हरांवर कुठलाही बदल करायचा नाही. त्या संध्याकाळी साठा बघणारेही वाढतात.

रात्रपाळी

एक राहिलं. डेटा सेंटर निवडताना दोन्हींचं ट्रान्झिट शेवटी एकाच कंपनीकडून येत नाही ना, हे लेखी विचारा. विक्री विभाग 'वेगवेगळं आहे' म्हणेल. दोन्हीकडच्या चाचणी पत्त्यांवर, तुमच्या मोठ्या पाच पुरवठादारांच्या लाइनींवरून, ट्रेसराउट (वाहतूक कुठकुठल्या जाळ्यांतून जाते ते दाखवणारी चाचणी) करून बघा आणि त्याचे निकाल इथे टाका, मी बघून सांगतो.